तुळईनंतरचे लाकूड

नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात पळशीच्या भुईकोटात होळकरांचे दिवाण पळशीकर यांचा वाडा आहे. कोरीव लाकडी खांब पाहायला लोक जातात, महिरपींचे फोटो काढतात आणि परततात. ज्याला बांधकाम समजून घ्यायचे असेल त्याने नजर खाली, खांबाच्या बुडाकडे न्यावी. वाड्याचा खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर उभा करतात. मग ओल वर चढत नाही. वर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर पाट आणि माती. खोबणीत कुसू बसवलेला सांधा थोडी हालचाल सोसतो. 1993 साली किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. त्याच घरांमधले लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, मात्र पुष्कळ ठिकाणी उभे राहिले होते.

लाकडी बांधकामाची ही कला संपली ती लाकूड कमअस्सल ठरले म्हणून नव्हे. वाड्याची तुळई म्हणजे जुन्या जंगलातला सरळसोट, जाडजूड साग. तो संपत आला आणि सिमेंट स्वस्त झाले. पुढे 1993 मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकूड वापरणे बंद केले आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड व सॉ मिल यांवर कडक बंधने आणली. जंगलाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण त्याच काळात अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात लाकूड मागे पडले ते पडलेच.

आता जगभर ज्याची चर्चा आहे ते क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, म्हणजे सीएलटी, नेमके त्या तुळईच्या अडचणीवर उत्तर देते. लाकूड रेषांच्या दिशेने ताकदवान असते, आडव्या दिशेने दुबळे. फुगते-आक्रसते तेही आडव्याच दिशेने. म्हणून फळ्यांचे तीन, पाच किंवा सात थर एकमेकांना काटकोनात ठेवून, सरस लावून दाबायचे. प्रत्येक थर शेजारच्या थराची हालचाल रोखतो. त्यातून भिंत किंवा स्लॅब होईल एवढा पाट तयार होतो, आणि तोही लहान वयाच्या, बारीक खोडाच्या झाडांपासून. 1990 च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत हे तंत्र घडले; ग्राट्सचे गेरहार्ड शिकहोफर यांचे त्यातले काम मोलाचे आहे. 2009 मध्ये लंडनच्या मरे ग्रोव्ह येथे नऊ मजली इमारत झाली आणि वास्तुविशारदांचे लक्ष तिकडे वळले.

त्यानंतर सुरू झालेली उंचीची स्पर्धा मला या कलेची चुकीची दिशा वाटते. नॉर्वेतील म्योस्टॉर्नेट 85.4 मीटर उंच आहे, पण वारा लागून डोलू नये म्हणून तिच्या वरच्या सात मजल्यांचे स्लॅब काँक्रीटचे करावे लागले. अमेरिकेतील मिलवॉकीची 25 मजली ‘असेंट’ काँक्रीटच्या खालच्या मजल्यांवर उभी आहे. हलकेपणा हा लाकडाचा गुण. फार उंचीवर तोच अडचण होतो. तीन-चार मजल्यांत मात्र तो निखळ फायदा आहे.

आगीची भीती खोटी नाही. 1828 मध्ये शनिवारवाडा जळाला आणि जोते व तट उरले. तरी जाड लाकूड एकदम पेट घेत नाही. सूचिपर्णी लाकूड मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर या गतीने कोळसत जाते आणि आतला गाभा तोवर भार पेलतो. आगीत सरस सुटून थर गळू नयेत म्हणून उत्तर अमेरिकेच्या 2018 च्या मानकाने सरसाची कसोटी कडक केली. मला जास्त चिंता पाण्याची आणि वाळवीची वाटते. नगरची उन्हाळ्यातली कोरडी हवा आणि अकोले घाटमाथ्यावरचा पाऊस एकाच जिल्ह्यात आहेत. युरोपातल्या देवदारवर्गी लाकडाचे कोष्टक इथे जसेच्या तसे चालणार नाही.

आपल्याकडची उदाहरणे अजून बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. केंद्रीय विभागाने 2020 मध्ये बंदी उठवली. दिल्लीच्या आर्किटेक्चर डिसिप्लिनने उत्तर गोव्यात थर चिकटवलेल्या लाकडी तुळयांचे घर बांधले. काम सुबक आहे. पण एका कुटुंबाच्या घरावरून कला रुजली असे म्हणता येत नाही. समुद्रापलीकडून आलेल्या लाकडावर ती रुजणारही नाही.

रुजायची तर ती आपल्या बांधावर. मुळा-प्रवरेच्या कालव्याखाली ऊस आहे, तशी बांधाला निलगिरी, सुबाभूळ आहे, मेलिया डुबियाही लावता येते. साग लावला तर तोडीसाठी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीचे हेलपाटे. म्हणून निलगिरी, सुबाभूळ, मेलिया यांच्या फळ्या किती वाळवाव्यात, सरस कितपत धरतो, वाळवी कशी थोपवावी, याच्या चाचण्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून हाती घ्याव्यात. पहिली इमारत दोन मजली जिल्हा परिषद शाळा असावी आणि तिच्या कामावर गावचे सुतार असावेत. तोवर एक काम आजच करण्यासारखे आहे. जिल्ह्यातले वाडे पाडून जुने सागवान विकले जात आहे. तुमच्या गावातला वाडा उतरवण्याआधी त्याच्या एकेका सांध्याचे मापासह रेखाटन करून ठेवा.