युनिट टेस्ट आणि नेटिव्ह लायब्ररीचे अवलंबित्व : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
केंट बेक व एरिक गॅमा यांनी १९९७ मध्ये जेयुनिटची निर्मिती केली आणि जावा भाषेत युनिट टेस्ट लिहिणे सुलभ झाले. चाचणी अनुत्तीर्ण झाली म्हणजे प्रोग्रॅम चुकला, असे समीकरण तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या मनात रुजले आहे. प्रयोगशाळेतील अनुभव मात्र या समीकरणाला छेद देतो. तोच प्रोग्रॅम एका संगणकावर सर्व चाचण्या उत्तीर्ण होतो व शेजारच्या संगणकावर पहिल्याच चाचणीत अडखळतो. प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचाही फरक नसतो; फरक असतो तो त्या संगणकावरील नेटिव्ह लायब्ररीत. प्रात्यक्षिक परीक्षेत अशा वेळी गुण कोणाचे कापावयाचे, विद्यार्थ्याचे की संगणकाचे, हा प्रश्न अध्यापकासमोर उभा राहतो.

उद्दिष्टे :
१) नेटिव्ह लायब्ररीमुळे चाचणी का अनुत्तीर्ण होते याची कारणे स्पष्ट करणे.
२) यावरील प्रचलित उपायांची चिकित्सा करणे.

समस्येचे स्वरूप :
सी किंवा सी++ मध्ये लिहून विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिम व प्रोसेसरसाठी संकलित केलेली लायब्ररी म्हणजे नेटिव्ह लायब्ररी होय. जावा प्रोग्रॅम ती नावाने मागवतो. परंतु त्याच नावाची फाइल विंडोजवर डीएलएल, लिनक्सवर एसओ तर मॅकवर डायलिब या प्रकारची असावी लागते. ३२ बिटची लायब्ररी ६४ बिटच्या जावा व्हर्च्युअल मशीनमध्ये चढत नाही. २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ प्रोसेसर आणल्यानंतर केवळ इंटेलसाठी संकलित केलेल्या लायब्रऱ्या त्या प्रोसेसरसाठीच्या जावामध्येही निरुपयोगी ठरल्या.

शोधमार्गाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. 'जावा.लायब्ररी.पाथ' या गुणधर्मात दिलेल्या मार्गावर पहिली लायब्ररी सापडते. पण तिला लागणाऱ्या पुढील लायब्रऱ्यांचा शोध ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या नियमांनी घेते. त्यामुळे फाइल डोळ्यांसमोर असूनही ती सापडत नसल्याची तक्रार येते. शिवाय मेव्हनचे शुअरफायर हे साधन चाचण्यांसाठी बहुधा स्वतंत्र जावा प्रक्रिया सुरू करते. संपादकात दिलेला मार्ग त्या प्रक्रियेपर्यंत पोहोचत नाही. तो चाचणीच्या मांडणीतच नमूद करावा लागतो.

सर्वाधिक दिशाभूल होते ती त्रुटीच्या संदेशामुळे. क्लासच्या स्टॅटिक भागात लायब्ररी चढविली जात असेल, तर पहिल्या चाचणीत 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' ही खरी त्रुटी दिसते. त्यानंतरच्या प्रत्येक चाचणीत मात्र 'नो क्लास डेफ फाउंड एरर' येते. विद्यार्थी यादीतील शेवटची त्रुटी वाचतो आणि क्लासच हरवला असे समजून भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करू लागतो.

प्रचलित उपायांची चिकित्सा :
मायकेल फेदर्स यांनी २००५ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार, जी चाचणी चालविण्यासाठी संगणकाच्या वातावरणात विशेष फेरफार करावे लागतात ती युनिट टेस्ट नव्हे. वर्गीकरण म्हणून हे मत ग्राह्य आहे. परंतु चाचणीचे नाव बदलल्याने अवलंबित्व नाहीसे होत नाही. स्टॅटिक भागातील एका ओळीमुळे निव्वळ बेरीज करणाऱ्या मेथडची चाचणीही लायब्ररीवाचून चालत नाही. म्हणजे दोष चाचणीच्या व्याख्येत नसून क्लासच्या रचनेत आहे.

दुसरा उपाय म्हणजे लायब्ररीच्या जागी मॉक ठेवणे. याने चाचण्या वेगवान होतात. मात्र जावा व सी यांच्या सीमेवर, जेथे स्मृतीचे व प्रकारांचे दोष संभवतात, तेथेच परीक्षण थांबते.

तिसरा उपाय एसक्युलाइटच्या जेडीबीसी ड्रायव्हरने अवलंबिला आहे. विविध प्रणालींच्या लायब्रऱ्या तो एकाच जार फाइलमध्ये बाळगतो व योग्य ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून चढवितो. वापरकर्त्यासाठी हा सर्वांत सोयीचा मार्ग होय. तथापि त्या फोल्डरमधील फाइल चालविण्यास मनाई असेल, किंवा त्या प्रोसेसरची आवृत्ती जारमध्येच नसेल, तर तोही अपुरा पडतो.

चौथा उपाय, लायब्ररी नसल्यास चाचणी वगळणे, हा वरवर निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तोच अधिक घातक आहे. हिरवी पट्टी दिसते, पण काहीच तपासलेले नसते. अनुत्तीर्ण चाचणी निदान प्रश्न तरी विचारते. वगळलेली चाचणी गप्प बसते.

निष्कर्ष :
१) लायब्ररी चढविण्याचे काम एका छोट्या, स्वतंत्र क्लासकडे सोपवावे व उर्वरित प्रोग्रॅमने इंटरफेसमार्फत त्याच्याशी व्यवहार करावा. त्यामुळे बहुसंख्य चाचण्या कोणत्याही संगणकावर चालतील.
२) सीमेवरील मोजक्या चाचण्या वेगळ्या गटात ठेवून खऱ्या लायब्ररीसह चालवाव्यात. वैयक्तिक संगणकावर त्या वगळल्या तरी सामायिक सर्व्हरवर वगळणे म्हणजे अनुत्तीर्ण होणे असे मानावे.
३) लायब्ररीची आवृत्ती व मार्ग प्रकल्पाच्या मांडणीत लिखित असावेत; ते कोणा एकाच्या स्मरणावर सोडू नयेत.

मार्च २०२५ मधील जेडीके २४ पासून, स्पष्ट परवानगी न देता नेटिव्ह लायब्ररी चढविल्यास जावा इशारा देते. अवलंबित्व लपवू नये, जाहीर करावे, हीच दिशा त्यातून सूचित होते. अध्यापकांनीही प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन करताना उत्तीर्ण चाचण्यांची संख्या मोजण्यापूर्वी त्या कशाच्या आधारावर उत्तीर्ण झाल्या, हे विचारणे अगत्याचे आहे.