पावसाविना पूल

आपल्याकडच्या रेल्वे मॉडेलकारांना गेली काही वर्षं गंजाचं वेड लागलं आहे. जो पूल पाहावा तो गंजलेला. गर्डरवर तपकिरी पूड, रिव्हेटांखाली नारिंगी ओघळ, कमानीच्या दगडांवर काळ्या रंगाचा पातळ हात. कारागिरी खोटी नाही. एअरब्रश चालवणारा हात सरावलेला आहे. पण मान जरा खाली घालून पुलाखाली पाहिलं की हिरव्या भुशाचा एक सपाट चौकोन दिसतो. ओढा नाही, वाळलेल्या ओढ्याची खूण नाही, पुरात गडगडत आलेला एखादा धोंडाही नाही. दीडशे पावसाळे खाल्लेला पूल, आणि त्याच्या पायाशी कधी थेंबभर पाणी पडल्याचा पुरावा नाही. मग हा गंज आला कुठून? डबीतून.

हे खुपण्याचं कारण असं की यातल्या बहुतेकांना बांधायचा असतो तो बोरघाट. कर्जत सोडलं की पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा ही नावं ज्यांना स्तोत्रासारखी पाठ आहेत, तीच ही मंडळी. हौशी माणूस मोजमापाला बसला की आधी निराश होतो. 1863 साली सुरू झालेला मूळ घाट सुमारे पावणेसोळा मैल लांब, चढाई 1831 फूट, तीव्र चढाव 37 ला 1. एचओ मापात, म्हणजे 1:87 मध्ये, ही लांबी 290 मीटर भरते आणि उंची सहा मीटरच्या वर जाते. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत ते बसत नाही. म्हणून प्रत्येकजण काटछाट करतो, आणि काय ठेवलं यावरून माणूस कळतो. बहुतेकजण पूल आणि बोगदा ठेवतात आणि डोंगर काढून टाकतात.

बाकीच्या वादांना मी फार जागा देणार नाही. एचओचा 16.5 मिलिमीटरचा रूळ आपल्या ब्रॉडगेजला अरुंद पडतो, तो सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा, हे गणित बरोबर आहे. पण गाडी हलली की ते पावणेतीन मिलिमीटर डोळ्यांना टोचेनासे होतात. डिजिटल कंट्रोलवाल्यांना इंजिनाचा आवाज हवा असतो, त्यांना तो मिळाला आहे. लेगोचे पूल लेगोचे असतात. हॅम्बुर्गच्या मिनियाटूर वंडरलँडमध्ये रस्त्यांवर मोटारी आपोआप धावतात, धावोत. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयाबद्दल वाकडं बोलवत नाही, कारण भाऊसाहेब जोशींनी एका अख्ख्या पिढीला हा छंद दाखवला. पण 1998 साली लोकांसाठी खुलं झालेलं ते शहर स्वप्नातलं आहे आणि तसंच असायला हवं. घाट शिकायला तिथे जाऊ नये.

मला लिहायला बसवलं ते एका साध्या फळीनं. चार फूट बाय दीड फूट. कल्याणच्या पुढच्या एका गावी, एका तरुणाच्या घरी ती पाहिली. नाव सांगणार नाही. त्याला ते आवडणारही नाही. ठाकुरवाडीच्या आसपासचा वाटावा असा एक उतार, त्यावरून जाणारा रेल्वेचा भराव, भरावाखाली एक दगडी मोरी, आणि खाली वाडीकडे जाणारा रस्ता. उंच कमानींचा पूल नाही, बोगदा नाही. पुलाच्या नावाखाली तीन गोष्टी: रुळाखालची मोरी, रस्त्यावरची फरशी आणि ओढ्यावर टाकलेला साकव. तिन्हींचा ओढा एकच. तो वरच्या कड्यातून निघतो, भरावाला धडकतो, मोरीतून पलीकडे जातो, रस्त्यावर फरशीवरून वाहतो आणि पुढे साकवाखालून वाडीच्या खाचरांत शिरतो. फळीकडे पाहताना पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, हे एकदाही विचारावं लागत नाही.

त्याची पद्धत सांगण्याजोगी आहे. जाळीवर प्लास्टर चढवून त्याने नुसता उतार केला, वाळू दिला, आणि त्यावर तांब्यातून पाणी ओतलं. पाणी जिथून वाहिलं तिथे पेन्सिलीनं रेघा मारल्या. मग रूळ आखले. रूळ जिथे रेघेला आडवे आले तिथेच मोरी. रस्ता सर्वांत शेवटी, पण रेघांना मान देऊन: जिथे ओढा ओलांडण्यापेक्षा वळसा स्वस्त, तिथे त्याने वळसा घेतला. खरे इंजिनिअर हेच करतात. वरून किती क्षेत्राचं पाणी येणार ते मोजायचं, त्यावरून मोरीची रुंदी ठरवायची. आपले बहुतेक मॉडेलकार आधी रूळ टाकतात, मग ‘इथे एक पूल छान दिसेल’ म्हणून भराव कापतात आणि मग कापलेल्या जागेत निळं रेझिन ओततात. पाणी पुलासाठी आणलेलं असतं.

फरशी आणि साकव यांचं मला विशेष कौतुक वाटतं, कारण या दोन बांधकामांचा कुठल्याही कंपनीचा किट मिळत नाही. कर्जत-खालापूरच्या आतल्या गावांत जो फिरला आहे त्याला फरशी ठाऊक असते: पाण्याच्या वर जेमतेम उंचावलेला काँक्रीटचा पट्टा, खाली दोन-चार पाइप, कडेला बुटके खुंट, आणि जुलैत एक दिवस सगळंच पाण्याखाली. त्या तरुणाने पाइपांच्या तोंडाशी काटक्या आणि पाला अडकवला होता, खालच्या अंगाला पाण्यानं उकरलेला खळगा केला होता, आणि खुंटांवर पुराची मळकट रेघ सगळीकडे एकाच पातळीत ओढली होती. हा मळ डबीतला नाही. त्याला वरची आणि खालची बाजू आहे.

दगडी कमानींकडे वळतो, कारण त्या टाळून घाटावर लिहिता येत नाही. बाजारात मिळणारे कमानींचे किट जर्मन किंवा इंग्रज पुलांचे असतात. फिकट, आखीव, कापून बसवलेल्या दगडांचे. आमचे लोक त्यांना काळा रंग देतात आणि बेसाल्ट म्हणतात. रंग हा त्यातला सर्वांत लहान गुन्हा आहे. मोठा गुन्हा चढावावर होतो. 37 ला 1 चढावाला पूल बसवायचा म्हणून सगळा किट एका टोकाला उचलला जातो, आणि खांबही पुलाबरोबर कलतात. 20 सेंटिमीटरच्या खांबाचा माथा साडेपाच मिलिमीटर सरकतो. डोळ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पूल दारू प्यायल्यासारखा दिसतो. खऱ्या घाटात रूळ चढतात, खांब ओळंब्यात उभे राहतात, आणि दोन्हींमधला हिशेब कमानींच्या वरच्या थरात मिटवलेला असतो. हा थर हाताने बनवावा लागतो. दुसरा मार्ग नाही.

बाहेरची कातडी सुंदर आणि आत काही नाही, याचा धडा या घाटानेच दिलेला आहे. इंग्रजी कागदपत्रांत ‘म्हाऊ-की-मल्ली’ म्हणून येणारा, 50 फुटी आठ कमानींचा पूल 1867 साली कोसळला. घाट सुरू होऊन चार वर्षं झाली होती. ठपका आला तो निकृष्ट दगडकामावर. ज्यांनी या घाटाची आखणी केली ते जेम्स बर्कली तोवर वारले होते; कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर लगेचच गेला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते पुढे नेलं. घाटातले बळी मजुरांचे, पटकीचे आणि पावसाचे. हे वाचलेल्या माणसाला दगडाचा छापील कागद फोमवर चिकटवताना काहीतरी वाटायला हवं. त्या कागदावरचे थर कमानीपाशीही आडवेच जातात. कमानीचे दगड केंद्राकडे तोंड करून बसतात हेसुद्धा छापणाऱ्याने पाहिलेलं नसतं.

आणि पावसाच्या खुणा? त्या गंजापेक्षा कितीतरी वेगळ्या आहेत. सांध्यांतून झिरपलेल्या चुन्याचे पांढरे ओघळ. पाणी काढण्याच्या भोकांखाली शेवाळाच्या काळ्या-हिरव्या जिभा. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप, जे दरवर्षी तोडतात आणि दरवर्षी येतं. कड्यावर दरडींसाठी ताणलेल्या जाळ्या आणि त्यांत अडकलेले दगड. यातली एकही गोष्ट वेदरिंगच्या संचात येत नाही. संचात येते ती लाल धूळ, आणि तीही चुकीच्या डोंगराची: तांबडी माती माथेरानच्या माथ्यावरची, बोरघाटाचा दगड काळा. पण 1907 ची नेरळ-माथेरान गाडी सगळ्यांनी लहानपणी पाहिलेली असते, म्हणून घाटावरही तांबडं शिंपडलं जातं.

रस्त्यांची अवस्था पुलांहून वाईट आहे. पूल निदान हौसेनं होतो. रस्ता उरलेल्या जागेत होतो. राखाडी रंग, मधोमध पांढऱ्या तुटक रेषा, कडेला हिरवी पूड थेट डांबराला भिडलेली. मुरमाची साइडपट्टी नाही, गटार नाही, मधला फुगवटा नाही. इतिहासाचा क्रमही उलटा. बोरघाटात आधी वाट होती; शिंग्रोबा धनगरानं ती इंग्रजांना दाखवली अशी आख्यायिका आहे आणि त्याचं देऊळ जुन्या हमरस्त्यावर आजही आहे. मग 1830 साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीतला गाडीरस्ता. रेल्वे त्यानंतर तीन दशकांनी, एक्सप्रेसवे 2002 साली. रस्त्याला आधी जागा मिळाली आणि रुळांना उरलेली. लेआउटवर मात्र रस्ता रुळांना विचारून वळतो, आणि त्यामुळे एकही वळण खरं वाटत नाही.

छोट्या तपशिलांत तर आळस उघडा पडतो. राष्ट्रीय महामार्गाच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचा नारिंगी. त्या फळीवरच्या दगडाचा माथा नारिंगी होता, आणि रस्त्याची रुंदी 43 मिलिमीटर, म्हणजे खऱ्या पावणेचार मीटरला बरोबर. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे, ठिगळं मारलेलं डांबर. आणि वाडीच्या शंभर पावलं आधी रस्ता संपला होता. पुढे पायवाट.

मला वाटतं हे सर्वांत धाडसाचं होतं. लेआउटवर प्रत्येक वस्तीला दुपदरी रस्ता देण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ठाकरांच्या वाडीवर गाडी जात नाही, हे आपण विसरूनच गेलो. खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली तेव्हा बचावपथकं पायी डोंगर चढली, कारण वर गाडीरस्ता नव्हता. वास्तववाद म्हणायचं असेल तर रस्ता कुठे संपतो हे दाखवायला हवं. डांबराची छटा नंतर.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आपल्याकडे साहित्य मिळत नाही, परंपरा नाही, आयात माल परवडत नाही. साहित्याचं रडगाणं मला पटत नाही. वाळलेला चहाचा चोथा, नारळाची शेंडी, खराट्याच्या काड्या, बांधकामावरची चाळलेली कच, यांतून कोकणातली अर्धी जमीन उभी राहते. आणि परंपरेचं म्हणाल, तर दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारं पोर काय करत असतं? गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर टाकतं, मोहरी-हळीव पेरून गवत उगवतं, आणि बोटानं रस्ता कोरतं. ते बोट उतार चुकवत, वळणं घेत वर जातं, कारण सरळ नेलं की माती ढासळते. रोज पाणी घालावं लागत असल्यानं कुठला बुरूज वाहून जाणार हेही त्याला कळतं. तोच मुलगा तिशीत क्रेडिट कार्डानं आल्प्समधला पूल मागवतो आणि त्याभोवती सूचिपर्णी झाडं लावतो. थर्मोकोलच्या देखाव्यांनी आपली नजर बिघडवली आणि 2018 च्या बंदीनंतरही ती सुधारली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं उत्तर: घाटात रुळांवरून चालणं गुन्हा आहे, मग मोजायचं कसं? गुन्हा आहेच, आणि कोणी करूही नये. पण मोजायला रुळांवर जावंच लागतं असं कोणी सांगितलं? ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर पावणेतीन मीटरचा असतो. किलोमीटरला 1660 स्लीपर धरले तर एकापासून दुसरा साठ सेंटिमीटरवर. खिडकीतून किंवा खंडाळ्याच्या एखाद्या पॉइंटवरून समोरासमोर काढलेल्या फोटोत स्लीपर मोजा, कमानीची रुंदी मिळते. दगडाचे थर मोजा, उंची मिळते. रस्त्याकडेच्या मोऱ्या तर कोणीही टेप लावून मोजू शकतो. ऑस्ट्रेलियातून 1925 साली इंग्लंडात आलेल्या रॉय इंग्लंडने हेच केलं: मोडकळीला आलेल्या खेडूत घरांची मापं घेत तो सायकलवरून हिंडला, आणि आज पेंडनच्या संग्रहालयात ती घरं 1:76 मध्ये उभी आहेत, त्यांतली काही प्रत्यक्षात नसतानाही. त्याच्यापाशी किट नव्हता, वही होती.

आपल्याकडे अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये सुरुंग लावून पाडला. 1830 चा पूल, एक्सप्रेसवेवरून जाताना लाखो लोकांनी डोक्यावर पाहिलेला. त्याची मापात केलेली प्रतिकृती मला आजवर कुठल्याही लेआउटवर दिसलेली नाही; ऱ्हाइन नदीवरचे पूल मात्र अनेक दिसले. 1929 साली निकामी झालेल्या खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनचंही तेच. ज्या हातांना रिव्हेट न रिव्हेट गंजवता येतो त्यांना हे जमणार नाही, असं मी मानत नाही. त्यांना ते करावंसं वाटत नाही, आणि माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

म्हणून यापुढच्या प्रदर्शनांना मी तांब्याभर पाणी घेऊन येणार आहे. ज्यांना आपल्या पुलावर विश्वास असेल त्यांनी मला ते वरच्या कड्यावरून ओतू द्यावं. तारा आधी सोडवून ठेवा.