तुर्भ्याच्या सुबत्तेचा हिशेब

नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या हद्दीत निदान चार अर्थव्यवस्था एकमेकींना खेटून नांदतात. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला ट्रान्स ठाणे क्रीक म्हणजेच टीटीसीचा औद्योगिक पट्टा आहे आणि त्यात डिसेंबर २०२० मध्ये उघडलेले आयकियाचे भलेमोठे दुकान. त्याच अंगाला तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, हनुमाननगर या वस्त्या आणि त्यांच्या पाठीशी दगडखाणींनी पोखरलेला पारसिकचा डोंगर. दुसऱ्या अंगाला कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, धान्य आणि मसाल्याचे घाऊक बाजार व सिडकोचे सेक्टर. या सगळ्याच्या मधोमध तुर्भे गाव उरले आहे. ज्यांच्या जमिनीवर हे सारे उभे राहिले, त्या आगरी-कोळ्यांचे गावठाण. तुर्भ्यातले लोक सुखवस्तू आहेत का, या प्रश्नाला सरासरीने उत्तर दिले तर ते चौघांपैकी एकालाही लागू पडत नाही.

समाजाची सुबत्ता मोजणे आणि दोन समाज शेजारी ठेवून पाहणे ही एक कला आहे. तिला आकडे लागतात, पण कोणता आकडा कोणाला विचारायचा, हे ठरवणारी नजर त्याहून अधिक लागते. जगभर अशा तुलना होतात. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय समाज आणि अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ब्लॅकफीट हा आदिवासी समाज यांचे उत्पन्न, बेकारी, आयुर्मान मांडून पाहता येते. तसे तक्ते उपयोगी असतात, पण हे समाज आज आहेत तिथे कसे पोचले, ते तक्त्यात दिसत नाही. मराठी मुलुखात या कलेची परंपरा जुनी आणि कसदार आहे. आज ती कोणत्या अवस्थेत आहे, हे तपासायला तुर्भ्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

या परंपरेच्या उगमाशी दोन वेगळ्या वृत्ती दिसतात. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात सरकारच्याच कागदपत्रांतून हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले आणि तो आकडा साम्राज्यासमोर ठेवला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याचे घर, त्यातली भांडीकुंडी, अंगावरचे कपडे, डोक्यावरचे कर्ज असे एकेक पाहत गरिबी नोंदवली. दादाभाईंच्या मांडणीत देश दिसतो, फुल्यांच्या मांडणीत माणूस. पुढच्या दीड शतकातले चांगले काम या दोन्ही नजरा एकत्र आल्या तिथेच झाले आहे.

त्याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे हॅरल्ड मान यांची खेडेपाहणी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या या इंग्रज शास्त्रज्ञाने पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये कानिटकर या सहकाऱ्याबरोबर कोरडवाहू जातेगाव बुद्रुकचा दुसरा अभ्यास आला. मान यांनी दारिद्र्याची रेषा पुण्याहून किंवा लंडनहून आणली नाही. गावातल्या माणसाला आपल्या रीतीने जगायला काय लागते, ते गावातच विचारून त्यांनी मोजपट्टी ठरवली. मग कुटुंबांचे तीन गट पाडले: नुसत्या शेतीवर भागणारी, शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन भागवणारी आणि दोन्ही करूनही न भागणारी. पहिल्याच गावात निम्म्याहून अधिक कुटुंबे तिसऱ्या गटात निघाली आणि जातेगावात तर परिस्थिती त्याहून बिकट होती. एका गावाची ही चौकशी आजही वाचाविशी वाटते, कारण तिच्यात आकड्यामागचे कर्ज आणि कर्जामागचे तुकडे झालेले वावर दिसते. तेच पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवडमधले उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. मान यांच्या यादीतल्या कुटुंबांच्या वारसांचे त्या बदलात काय झाले, हे शोधणे हा मराठी समाजशास्त्रापुढचा केवढा मोलाचा विषय आहे!

१९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी ही नजर शहराकडे वळवली आणि पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याचा देशव्यापी अभ्यास मांडला. रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च म्हणजे १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. या अभ्यासाने गरिबी हा देशाच्या चर्चेचा मध्यवर्ती विषय केला, हे त्याचे मोठे ऋण आहे. मात्र त्यानंतर चर्चा रेषेभोवतीच फिरत राहिली. तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ ची रेषा खेड्यात ८१६ आणि शहरात १००० रुपयांवर आली, रंगराजन समितीने ती वर सरकवली, पुढे नीती आयोगाने बहुआयामी निर्देशांक आणून शिक्षण, आरोग्य, घर, पाणी यांची भर घातली. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा सुधारलेले, यात शंका नाही. तरी ही सारी साधने राज्याचे, फार तर जिल्ह्याचे चित्र देतात. एका गावाशी काय झाले, हे त्यांना विचारता येत नाही.

महाराष्ट्राने स्वतःची म्हणून एक मोजणी घडवली ती अनुशेषाची. दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यातल्या रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांची तूट रुपयांत मांडली. विदर्भ-मराठवाड्याच्या तक्रारीला तिने ठोस आधार दिला. पण या हिशेबात ठाणे जिल्हा पुढारलेला ठरतो, आणि तुर्भे त्याच पुढारलेपणाच्या सावलीत दिसेनासे होते.

तुर्भ्याची गोष्ट साठच्या दशकात सुरू होते. औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे खाडीच्या पूर्वेला कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावे नव्या शहराच्या आराखड्यात आली. खाऱ्या जमिनीतली भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या लोकांच्या हाती १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार निवाड्याची रक्कम पडली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या लोकांनी संघर्ष केला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली आणि १९९० व १९९४ च्या शासन निर्णयांनी तिला रूप मिळाले. सामाजिक सोयींसाठी ३.७५ टक्के वजा होऊन प्रत्यक्ष हाती येतात ८.७५ टक्के. तरीही विस्थापिताला वाढत्या जमीनमोलात वाटा देणारी ही योजना भारतात पुढे अनेकांना दाखला म्हणून उपयोगी पडली, हे तिचे श्रेय मान्य करायलाच हवे.

सरकारी हिशेब मात्र भूखंड दिल्यावर थांबतो. निवाडा आजोबांच्या नावावर, वारसदार वीस-पंचवीस, त्यांत लग्न होऊन गेलेल्या बहिणी, आणि अनेक घरांत त्यांच्याकडून लिहून घेतलेले हक्कसोडपत्र. इरादापत्र येण्याआधीच बिल्डर दारात उभा राहतो, त्रिपक्षीय करार होतो, भूखंड हातचा जातो. काही घरांनी त्या पैशातून इमारत बांधली, गाड्या घेतल्या, मुलांना शिकवले, तर काहींचा पैसा लग्नांत आणि आजारपणात विरला. गावठाणालगत वाढत्या कुटुंबासाठी बांधलेली घरे ‘गरजेपोटी’ ठरली. ती नियमित करण्याचे निर्णय सरकारने वेळोवेळी काढले, तरी मालमत्तेचा कागद अनेकांच्या हाती पक्का नाही. आज पुष्कळ कुटुंबे खोल्यांच्या भाड्यावर जगतात. हे भाडे त्यांचे उत्पन्न असते आणि समोरच्या कामगाराच्या पगारातला सर्वांत मोठा खर्च. एकाच घराचे दोन हिशेब असे वेगवेगळ्या तक्त्यांत जातात.

निवाड्यात कधीच न आलेली गोष्ट म्हणजे खाडी. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या वेचणाऱ्या बायका रोजचे कालवण आणि चार पैसे घरी आणत. ती खाडी कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिचा मोबदलाही कोणाला मिळाला नाही. विस्थापनाचे अभ्यासक मायकेल सर्निया यांनी सांगितलेल्या आठ जोखमींत सामायिक संपत्तीचा ऱ्हास ही एक आहे. तुर्भ्यात ती प्रामुख्याने बायकांच्या वाट्याला आली. नवी मुंबईवरचे ॲलेन जॅकमँ (१९९९) आणि अन्नपूर्णा शॉ (२००४) यांचे ग्रंथ नियोजनाचे मोल चोख तपासतात, नव्या शहरात गरिबांना जागा कमी पडली हेही दाखवतात. पण हे दोन्ही अभ्यास शहराचे आहेत. आगरी घराच्या चुलीपर्यंत जाणारा मान यांच्या धर्तीचा अभ्यास तुर्भ्याच्या वाट्याला यायला हवा.

इथे ब्लॅकफीट आठवतात. त्यांच्या राखीव प्रदेशाची जमीन विसाव्या शतकाच्या आरंभी व्यक्तींच्या नावे वाटली गेली. मालकी आदिवासींची, पण विश्वस्त म्हणून कारभार अमेरिकी सरकारचा. चराई, तेल, लाकूड यांचे भाडे सरकारी खात्यात जमा होई, आणि पिढ्यांमागून पिढ्या वारस वाढत जाऊन एकेका तुकड्याचे शेकडो हिस्से झाले. ब्राउनिंग गावच्या एलुईस कोबेल जमातीच्या खजिनदार होत्या. आमच्या पैशाचा हिशेब द्या, एवढीच मागणी घेऊन त्यांनी १९९६ मध्ये देशभरच्या आदिवासींच्या वतीने दावा लावला. २००९ मध्ये ३.४ अब्ज डॉलरची तडजोड झाली. त्यातली मोठी रक्कम विखुरलेले हिस्से विकत घेऊन जमातीकडे परत देण्यासाठी होती, आणि हिशेब न मिळाल्याबद्दल प्रत्येक खातेदाराला आले हजार डॉलर. कोबेल २०११ मध्ये वारल्या. उत्पन्नाच्या तक्त्यात ब्लॅकफीट ‘गरीब’ एवढेच दिसतात. ते गरीब कोणाच्या वहीमुळे झाले, हे एका खजिनदार बाईने दाखवले.

दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीय बहुसंख्याकांसाठी देशाची सुमारे ७ टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती मर्यादा १३ टक्क्यांवर गेली. तरीही रुस्टेनबर्गजवळचा बाफोकेंग समाज वेगळ्या वाटेने गेला. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या तरुणांच्या हिरेखाणीतल्या कमाईतून जमीन विकत घेतली, आणि स्वतःच्या नावावर नोंद होत नाही म्हणून मिशनऱ्यांच्या नावावर ठेवली. तिच्याखाली प्लॅटिनम निघाले. दीर्घ कोर्टकज्ज्यानंतर १९९९ मध्ये त्यांना स्वामित्वधनाचा न्याय्य वाटा मिळाला आणि पुढे त्याचे खाणकंपनीच्या समभागांत रूपांतर झाले. जमीन एकत्र राहिली, म्हणून उत्पन्नही चालू राहिले. अर्थात तिथेही खाणीत कामाला आलेले परके लोक पत्र्याच्या वस्त्यांत राहतात आणि त्या संपत्तीत त्यांचा वाटा नाही.

तुर्भ्यातही तसेच आहे. इंदिरानगर, हनुमाननगरातल्या कष्टकऱ्यांची जमीन कोणी संपादित केली नाही, म्हणून त्यांना प्रकल्पग्रस्ताचा दाखला नाही, भूखंड नाही. खाणींची धूळ आणि महापालिकेच्या कचराभूमीचा शेजार मात्र याच भागाला आहे. त्यांच्या तुलनेत घाऊक बाजारातला माथाडी बराच सुरक्षित. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामुळे १९६९ चा माथाडी कायदा झाला, माथाडी मंडळाकडून मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. सातारा-सांगलीच्या डोंगरी भागातून आलेल्या हमालाला जे मिळाले, ते शेजारच्या खडी फोडणाऱ्याला मिळाले नाही. एका कायद्याने दोन सारख्या कष्टांत एवढे अंतर पाडले, आणि हीच तुलना या भागातल्या कोणत्याही पाहणीचा पहिला प्रश्न असायला हवी.

सुबत्ता मोजण्याची ही कला मराठी मुलुखात मेलेली नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून सोलापूरच्या शिरापूर व कळमण आणि अकोल्याच्या कान्झरा व किनखेडा या गावांत तीच कुटुंबे वर्षानुवर्षे पाहिली. दक्षिण आफ्रिकेने २००८ ते २०१७ या काळात सुमारे अठ्ठावीस हजार माणसांना पुन्हापुन्हा भेटून कोण वर आले, कोण घसरले याचा माग काढला. आपल्याकडे शेती संपलेल्या, शहराने गिळलेल्या गावांसाठी अशी पाठपुराव्याची पाहणी व्हायला हवी. निवाड्यातल्या प्रत्येक नावाचे वारस शोधून भूखंडाचे काय झाले, घर कोणाच्या नावावर आहे, बहिणींना काय मिळाले, खाडीतून किती येते, भाड्यातून किती, हे विचारले पाहिजे. शेजारच्या वस्तीतल्या तितक्याच घरांना तेच प्रश्न विचारले, तरच तुलना खरी होईल.

सिडकोकडे निवाड्यांच्या नोंदी आहेत, महापालिकेकडे मालमत्ता कराच्या, मंडळाकडे माथाडींच्या. मुंबई विद्यापीठ, गोखले संस्था आणि गावोगावच्या प्रकल्पग्रस्त संघटना यांनी एकत्र बसून या वह्या जुळवाव्यात आणि काढलेला हिशेब तुर्भ्याच्या गावठाणात मराठीत जाहीर वाचून दाखवावा. १९८४ मध्ये जासईत विशी-पंचविशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. संपादनापूर्वीची शेते, मिठागरे आणि खाडी त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांच्या हयातीतच हे काम सुरू झाले पाहिजे.