पहारेकऱ्याची जागा

शिश्नाच्या कर्करोगाच्या पेशी लसिकावाहिन्यांतून जांघेतील ग्रंथींत पोचतात. त्या साऱ्या ग्रंथी काढल्या, तर पायांना कायमची सूज येऊ शकते. आत रोग असताना ठेवल्या, तर जीव धोक्यात येतो. रामोन काबान्यास यांचा १९७७ सालचा शोधनिबंध या पेचातून वाट काढतो. वाहिन्यांत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून १०० जणांवर केलेल्या निरीक्षणांतून त्यांनी सुचवले, की वाटेत प्रथम लागणारी 'पहारेकरी' ग्रंथी आधी तपासावी. ती निरोगी, तर पुढच्याही निरोगी.

कल्पना मोलाची आहे. पण काबान्यास यांनी पहारेकऱ्याची जागाही ठरवून टाकली, आणि इथेच आमचा आक्षेप आहे. पुढे काही रुग्णांत त्या जागेवरची ग्रंथी निरोगी निघूनही जांघेत रोग उद्भवला. कारण लसिकेची वाट सर्वांत सारखी नसते. १९९४ पासून ॲमस्टरडॅममध्ये किरणोत्सारी टेक्नेशियम व निळे रंगद्रव्य टोचून प्रत्येक रुग्णाची वाट स्वतंत्रपणे शोधली जाऊ लागली. सुरुवातीला तिथेही काही ग्रंथी हुकल्या. चुका तपासूनच पद्धत सुधारली.

फळ्यावर शरीराची आकृती काढताना आपण विद्यार्थ्यांना एवढे जरूर सांगावे : आकृतीतली जागा बहुतेकांची असते, प्रत्येकाची नव्हे.