पानावरून अंजीर ओळखावे काय?

आयरा काँडिट यांचा 'फिग व्हरायटीज' हा १९५५ मधील प्रबंध अंजिराच्या वाणांचा आधारग्रंथ मानला जातो. पानाचे खंड, फळाची मान, डोळा, साल व गराचा रंग यांवरून त्यात शेकडो वाण वर्णिले आहेत. एकाच वाणाची देशोदेशीची नावे एकत्र आणली, हे त्याचे मोठे काम.

मात्र यातील बरीच झाडे कॅलिफोर्नियाच्या उन्हातली. थंड प्रदेशात तेच फळ फिके राहते, कधी पिकतही नाही. शिवाय एकाच झाडावर तीन खंडांची आणि पाच खंडांची पाने आढळतात. केवळ रूपावरून नाव ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

थंडीतल्या बागायतदाराचा पहिला प्रश्न वेगळा असतो: फळ परागणाशिवाय धरते का? आपले पुरंदरचे अंजीर तसे धरते. स्मर्ना गटाला मात्र एक चिमुकला कीटक लागतो. कॅलिफोर्नियात १८९९ मध्ये तो स्थिरावेपर्यंत या झाडांची कच्ची फळे गळत. कडक थंडीत तो तगत नाही. तेथे असे झाड लावले, तर कित्येक वर्षांची मेहनत वाया जाते. काँडिट यांनी हे गट दिले आहेत. आपण वर्गात मात्र रूपच शिकवतो.

ऊर्जानगरच्या शाळेत अंजीर नसेल, तर तुती चालेल. एकाच झाडाची दहा पाने मुलांपुढे मांडा आणि विचारा, झाडे किती? उत्तरे ऐकल्यावरच मुलांना झाडाकडे न्या.