‘घरची भाषा’ म्हणजे कुणाच्या घरची?



शाळेतला नवा अभ्यासक्रम आणि वर्गातल्या नव्या पद्धती, असा आजचा विषय. हा विषय निघाला की बोलणारे लगेच फिनलंडला, नाहीतर पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रयोगशील शाळेत जाऊन पोचतात. आपण आज कुठंही जायचं नाही. जळगाव जामोद तालुक्यातच थांबू. नव्या अभ्यासक्रमाचा खरा कस लागावा अशी एक गोष्ट याच तालुक्यात आहे, आणि बाहेरच्यांचं सोडा, आपल्यातल्याही अनेकांना ती ठाऊक नसते.

ती गोष्ट म्हणजे निहाली भाषा. सातपुड्याच्या पायथ्याला जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांतून ती बोलली जाते. बोलणारे असतील सुमारे दोन-अडीच हजार. ही मराठीची बोली नव्हे. कोरकूसारखी मुंडा कुळातली नाही, तेलुगू-कन्नडसारखी द्राविडीही नाही. शेजारच्या भाषांतून तिनं भरपूर शब्द घेतले आहेत, पण जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं सख्खं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०६ च्या खंडात तिची नोंद आहे. १९६२ मध्ये कायपर नावाच्या डच अभ्यासकानं तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे जामोदची भाषा हॉलंडच्या ग्रंथालयात पोचून साठ वर्षं उलटली. जामोदकडच्या पहिलीच्या वर्गात ती पोचली का, हा आपला आजचा प्रश्न.

आता नवे विचार काय म्हणतात ते बघू. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा म्हणाला, मूल म्हणजे कोरी पाटी नाही, ते आपलं ज्ञान स्वतः रचतं. आपल्या राज्यात हा विचार ज्ञानरचनावाद या नावानं घरोघरी गेला. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचं रूप पालटलं. फरशीवर तक्ते रंगले. काड्या, खडे, चिंचोके, मणी वर्गात आले. गुरुजी खुर्ची सोडून पोरांच्या गोलात खाली बसले. हे चांगलंच झालं. ज्यांनी छडीची शाळा पाहिली आहे त्यांना या बदलाची किंमत वेगळी सांगायला नको.

या सगळ्या विचाराचं पहिलं वाक्य एकच आहे: मुलाला जे येतं तिथून सुरुवात करा. आम्ही म्हणतो, वाक्य बरोबर आहे. मग याच वाक्यावर अभ्यासक्रम तपासू. सहा वर्षांच्या लेकराला सगळ्यात चांगलं काय येतं? त्याची भाषा. खडे-काड्या शाळेनं आणल्या, पण त्या मोजायच्या कुठल्या भाषेत हे मात्र कुणी मुलाला विचारलं नाही.

निहालीत एक, दोन, तीन, चारसाठी बिडुम, इरार, मोठो, नालो असे शब्द नोंदलेले आहेत. पाचपासून पुढे शेजारच्या भाषांतले उसने आकडे. आता कल्पना करा, गुरुजींनी तीन खडे मांडले आणि विचारलं, किती? लेकरू म्हणालं, मोठो. गुरुजींना ऐकू आलं ‘मोठं’. त्यांना वाटणार, याला प्रश्नच कळला नाही. खरं म्हणजे उत्तर अचूक होतं. पण नोंदवहीत काय चढणार? ‘संख्याज्ञान कच्चे.’

इथं २०१९ चा वाद आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. एकवीस म्हणताना तोंडात आधी एक येतो, लिहिताना आधी दोन. सत्तावीस, त्र्याण्णव ही जोडाक्षरं लहान पोरांना जड जातात. मूल संख्या समजून घ्यायच्या आधी नावांतच अडकतं. पुस्तकात जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही होती. तरी केवढा गदारोळ! विनोद झाले, विधिमंडळापर्यंत चर्चा गेली. आमच्या मते तो बदल विचाराच्या दिशेनं योग्यच होता. शब्दाचं ओझं आणि गणिताची समज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यात मान्य केलं होतं. फक्त तो विचार अर्ध्यात थांबला. ‘एकवीस’ जड जातं म्हणून राज्यभर बोललं गेलं. ज्याला ‘एक’ हाच शब्द परका, ते मूल त्या चर्चेत कुठंच नव्हतं.

२०२५ मध्ये पुन्हा तेच. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणणारा शासन निर्णय १६ एप्रिलला आला, जूनमध्ये सुधारून पुन्हा आला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. विरोध करणारे म्हणाले, कोवळ्या वयात मुलावर भाषांचा भार नको, मातृभाषा पक्की होऊ द्या. शंभर टक्के खरं. पण त्या सगळ्या वादात मातृभाषा म्हणजे मराठी हे धरूनच चाललं होतं. सातपुड्याच्या कुशीतल्या निहाली, कोरकू, भिलाली बोलणाऱ्या घरांत मराठीच दुसरी किंवा तिसरी असते. हिंदीविरुद्ध आपण जो युक्तिवाद केला, तोच युक्तिवाद त्या घरांनी आपल्यापुढे मांडला तर आपण काय उत्तर देणार?

आता कागद वाचू. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २९: शिक्षणाचं माध्यम व्यवहार्य असेल तिथवर मुलाची मातृभाषा. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२०: शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा. धोरणात या चार शब्दांच्या मध्ये तिरप्या रेघा आहेत, जणू चारही एकच! पुण्यात सदाशिव पेठेत त्या एक असतीलही. जामोदच्या बाजूला बघा. घरात निहाली. शेजारपाजारी कोरकू. बाजारात वऱ्हाडी किंवा हिंदी. पुस्तकात प्रमाण मराठी. या तिरप्या रेघेमुळे काय होतं? चौथ्या शब्दाची पूर्तता केली की पहिल्या शब्दाचीही झाली असं कागदावर दाखवता येतं. आणि उरलंसुरलं ‘शक्य असेल तिथं’मध्ये वाहून जातं. धोरणाचा हेतू चांगला आहे, पण वाक्यरचनाच अशी आहे की सगळ्यात लहान भाषेला कुणीही बांधील राहत नाही.

निहालांची मोजदादही तशीच. अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव कोरकूच्या नोंदीतच येतं. वेगळा आकडा नाही, म्हणून वेगळी मागणी नाही, म्हणून वेगळं पुस्तक नाही.

हे फक्त आदिवासी पाड्यांचं दुखणं आहे असं समजू नका. इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी लहानपणी वर्गात ‘मले’ म्हटल्यावर ‘मला म्हण’ असं ऐकलंय? आपण वऱ्हाडी माणसं. आपली घरची मराठी पुस्तकाच्या मराठीपासून दोन पावलं लांब, तरी ते टोकणं आपल्याला आठवतं. दोन पावलांचं एवढं, तर ज्याला अख्खा डोंगर उतरून यायचंय त्याचं काय होत असेल?

आता आक्षेप. तेही खरे आहेत. पहिला, दोन-अडीच हजार लोकांसाठी पाठ्यपुस्तकं कशी छापणार? दुसरा, एकाच वर्गात चार भाषांची मुलं, चार इयत्ता आणि एक-दोन शिक्षक. तिसरा सगळ्यात मोठा: आईबापांनाच मराठी हवी आहे. शिवाय आता सगळ्याच निहाल घरांत निहाली तितकी उरलेलीही नाही.

तिसऱ्यापासून घेऊ. आईबाप बरोबर आहेत. तहसीलमध्ये, दवाखान्यात, नोकरीत मराठी लागणारच. प्रश्न मराठी द्यायची की नाही हा नाहीच. मराठीकडे जायला घरच्या भाषेची पायरी द्यायची, की लेकरानं थेट उडी मारायची, एवढाच प्रश्न आहे. आणि दहावीपर्यंतची निहाली पुस्तकं कुणी मागतही नाही. पहिली-दुसरीची दोन वर्षं पुरेत. ओडिशानं २००७ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले, त्यात काही हजारच लोक बोलतात अशी बोंडाही होती. म्हणजे संख्या लहान असली तरी मार्ग निघतो.

महाराष्ट्रालाही हे नवं नाही. १९३७ मध्ये आपल्या विदर्भात, वर्ध्याला, शिक्षण परिषदेनं मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव केला. १९५७ मध्ये ताराबाई मोडक कोसबाडला गेल्या. वारल्यांची पोरं गुरं राखतात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी कुरणशाळा काढली, शाळाच कुरणात नेली. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळेनं चालत जायचं, हा त्याचा अर्थ.

मग जामोदकडे शाळेनं चार पावलं चालायचं म्हणजे काय करायचं? शिक्षकानं बदलीवर आल्यावर पहिल्या महिन्यात गावातल्या भाषेचे शंभर शब्द शिकायचे: आकडे, नाती, भूक-तहान, दुखणं-खुपणं. ते शिकवायला गावातलीच एखादी आजी वर्गात बोलवायची आणि त्याचं मानधन द्यायचं. पोरांनी सांगितलेली गोष्ट देवनागरीत फळ्यावर उतरवायची, शेजारी मराठी. फरशीवर रंगवलेल्या आकड्यांखाली दोन शब्द लिहायचे, तीन आणि मोठो. आणि पहिलीची तोंडी चाचणी घेताना उत्तर कुठल्याही भाषेत आलं तरी बरोबर धरायचं.

यातल्या एकाही गोष्टीला नवं धोरण लागत नाही. मानधनाची सोय तेवढी ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि पंचायत समितीनं मिळून करायची. पुढच्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरेल तेव्हा आपल्या गावच्या शाळेत जाऊन एवढंच विचारा: गुरुजी, यातल्या किती लेकरांच्या घरी मराठी बोलतात? गुरुजींकडे आकडा असेल तर नवा अभ्यासक्रम तुमच्या गावात आला, असं खुशाल समजा. नसेल, तर तो आकडा काढण्यापासून आपण सगळे मिळून सुरुवात करू.