प्रतिनिधित्वाचा प्रश्न आणि संपाचे रूप : तीन संहितांचा तौलनिक विचार

औद्योगिक संपावरील साहित्याचा विचार मराठीत बहुधा ‘कामगार-जाणीव’ या संकल्पनेच्या आधारे झालेला आहे. वर्गजाणीव जागी झाल्यामुळे कामगार संघटनेत येतो आणि ती अपुरी पडल्यामुळे संप फसतो, असे समीकरण त्यामागे गृहीत असते. एमिल झोलाची ‘जर्मिनल’ (१८८५) ही कादंबरी, जॉन गॉल्सवर्दीचे ‘स्ट्राइफ’ (१९०९) हे नाटक आणि जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे १९९०च्या दशकातले नाटक एकत्र वाचली असता या समीकरणाच्या मर्यादा स्पष्ट होतात. कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तितकाच मूलभूत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

‘अधांतर’ची पार्श्वभूमी असलेल्या मुंबईच्या गिरणीसंपापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढ, बोनस आणि बदली कामगारांची अनिश्चितता ही कारणे होतीच. परंतु मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ अन्वये गिरणीधंद्यात वाटाघाटीचा अधिकार ‘प्रातिनिधिक’ ठरलेल्या एकाच संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. या संघावरील विश्वास उडालेला कामगार दत्ता सामंत यांच्याकडे गेला तो केवळ अधिक पैशासाठी नव्हे. आपला प्रतिनिधी आपण निवडू, हा त्यात आग्रह होता. कायदेशीर प्रतिनिधी आणि प्रत्यक्ष नेता यांच्यातील ही फट संप लांबण्याचे एक प्रमुख कारण ठरली.

हीच फट गॉल्सवर्दीच्या नाटकाचा कणा आहे. पत्र्याच्या कारखान्यातील संपकऱ्यांचा पाठिंबा त्यांच्या युनियनने काढून घेतला आहे. कामगारांचा पुढारी रॉबर्ट्स आणि युनियनचा अधिकारी हार्नेस हे दोघेही कामगारांच्याच नावाने बोलतात, पण दोघांचे बोलणे एक नाही. रॉबर्ट्सची पत्नी उपासमारीत आणि थंडीत मरण पावते, आणि शेवटी तडजोड होते ती संपापूर्वीच मांडल्या गेलेल्या अटींवर. हा उपरोध प्रभावी खराच. परंतु दोन्ही बाजूंना सारखाच हट्टीपणा वाटून देणारा नाटककाराचा समतोल भांडवल आणि श्रम यांच्या असमान बळाकडे दुर्लक्ष करतो.

झोलाने अधिकाराच्या प्रश्नाला अस्थिर रूप दिले आहे. एत्येन लांतिए खाणकामगारांना निर्वाह-निधी आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांच्याकडे वळवतो. मात्र कामगार त्याच्यामागे जातात ते उपासमार, लाकडी आधार उभारण्याच्या कामासंबंधी कंपनीने आणलेली नवी मजुरीपद्धत आणि वस्तीतील परस्परसंबंध यांच्या रेट्याने. विचारसरणी त्या रेट्याला भाषा पुरवते, त्याला जन्म देत नाही. पराभवानंतर तोच जमाव एत्येनवर दगड फेकतो आणि नेमस्त रासनरकडे वळतो. संपाचे खरे मोल मात्र माहेच्या पत्नीच्या वाट्याला येते. नवरा आणि मुले गमावलेली ही स्त्री अखेरीस स्वतः खाणीत उतरते. अंकुरणाच्या आशेवर कादंबरी संपते, पण ती आशा गाव सोडून जाणाऱ्या नायकाची आहे, मागे राहिलेल्या बाईची नाही.

‘अधांतर’मध्ये हा क्रम उलटा होतो. ‘जर्मिनल’मध्ये संप कथेच्या मध्यभागी घडतो, ‘स्ट्राइफ’मध्ये पडदा उघडतो तेव्हा तो शेवटाकडे आलेला असतो. ‘अधांतर’मध्ये संप रंगमंचावर घडतच नाही. उरते ती गिरणगावातल्या चाळीतली खोली, आई, आणि काम नसलेली, वेगवेगळ्या वाटांनी भरकटलेली मुले. १९८२चा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, ही वस्तुस्थिती येथे महत्त्वाची ठरते. ज्या घटनेचा शेवटच जाहीर झाला नाही, तिला विजय-पराभवाचा रूपबंध लागू पडत नाही. नाटकाचे शीर्षक आणि त्याची रचना या दोन्हींतून ही अनिर्णीत अवस्था व्यक्त होते. परिणाम कारखान्यातून घरात सरकतो, आणि घर हेच संपाचे अखेरचे रणांगण ठरते.

तथापि या नाटकालाही एक मर्यादा आहे. परिणामांची तीव्रता जाणवते तेवढ्या प्रमाणात, कामगारांनी संपाचा निर्णय का घेतला हा प्रश्न मागे पडतो, आणि शोकात्म परिणामावरून मूळ निर्णयच आंधळा होता असे वाचण्याची वाट मोकळी राहते. हे वाचन इतिहासाला धरून नाही. जुनी यंत्रसामग्री आणि यंत्रमागांची स्पर्धा यांनी गिरण्यांचे संकट संपापूर्वीच सुरू झाले होते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेला गिरणगावचा मौखिक इतिहास (२००४) या संदर्भात उपयुक्त आहे. त्यात अनेक माणसे आपापल्या तोंडाने बोलतात, एकाला सर्वांचा प्रवक्ता केले जात नाही.

‘एकच प्रातिनिधिक संघटना’ हे कायद्याचे तत्त्व आणि ‘एकच प्रातिनिधिक नायक’ हा संपकथेचा संकेत यांच्यात म्हणूनच साम्य दिसते. दोन्ही ठिकाणी अनेकांचे म्हणणे एकाच्या तोंडी घातले जाते. संपावरील साहित्याचा तौलनिक अभ्यास करताना संहितेची विचारसरणी तपासणे पुरेसे नाही. तीत कोण बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि तो निघून गेल्यावर किंमत कोण मोजतो, हेही तपासावे लागेल.